हिरव्या पडद्यापुढची वाटचाल

चित्रपटकलेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळून चुकते. बसलेला मनुष्य पडद्यावर दाखविणे स्वस्त असते आणि उभा मनुष्य दाखविणे त्याहून फारसे महाग नसते. परंतु तोच मनुष्य चालू लागला, की खर्च त्याच्या पुढे धावू लागतो. चालणाऱ्याबरोबर कॅमेरा चालवावा लागतो, दिवे चालवावे लागतात, रस्ता मोकळा ठेवावा लागतो. आणि चालणाऱ्याच्या मागे जर खरी गर्दी हवी असेल, तर ती विद्यार्थ्याच्या आज्ञेने ना थांबते ना पुन्हा मागे फिरते.

समजा, बेळगाव अथवा इंदूर येथील एखाद्या महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी दहा मिनिटांचा लघुपट करावयाचे योजिले आहे. कथा साधी आहे. आजी प्रतिवर्षी आषाढीची वारी करीत असे. ती गेल्यानंतर तिची नात, जिने आजवर चार मैलही पायी प्रवास केलेला नाही, आजीचे गाठोडे डोक्यावर घेऊन दिंडीत चालू लागते. या कथेचा सारा भार नातीच्या चालण्यावर आहे. ती चालताना दिसते तो एक-दीड मिनिट जर खोटा वाटला, तर उरलेली साडेआठ मिनिटे कितीही सुंदर असोत, ती वाया गेली म्हणून समजावे. कारण हा चित्रपट पाहणाऱ्यांत वारी केलेली माणसे हमखास असणार, आणि वारीतले चालणे कसे असते हे त्यांना पुस्तकातून शिकलेले नसते.

मग मुलीला सरळ वारीतच का नेऊ नये? न्यावे, शक्य असेल तर अवश्य न्यावे. पण अभिनयाचे एक वाक्य मनासारखे उतरण्यास कधी दहा-पंधरा वेळा चित्रण करावे लागते, आणि दिंडी कोणाच्या चित्रपटाची पार्श्वभूमी म्हणून चालत नसते. तिला थांबविण्याचा अधिकार कोणाला नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच. शिवाय दूरच्या गावाहून आलेल्या या मंडळींना सासवड-जेजुरीच्या वाटेवर फार तर दोन दिवस मिळणार. तेव्हा त्या दोन दिवसांत मागची दिंडी तेवढी चित्रित करून आणावी, मुलीचे चालणे पुढे सवडीने आपल्या गावी चित्रित करावे, आणि दोन्ही चित्रे एकावर एक बसवावीत, हा विचार पुढे येतो. हिरव्या पडद्याचे प्रयोजन येथे सुरू होते.

दोन ठिकाणची चित्रे एकत्र आणण्याची ही हौस चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत अशा करामती केल्या, त्या हाती असलेल्या साध्या यंत्रसामग्रीच्या बळावर. रंगीत पडद्याची युक्ती नंतरची. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचा उपयोग केला. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी रंगांतील फरकावर आधारलेली अधिक नेमकी पद्धत सिद्ध केली आणि ती १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये वापरली गेली. आज विद्यार्थ्याच्या संगणकावर फुकट मिळणाऱ्या प्रणाली जे गणित करतात, त्याचे मूळ याच पद्धतीत आहे.

ते गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उगवतात. चित्रातील प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनलेला असतो. त्यात तांबडा व निळा यांपैकी जो मोठा असेल, त्याच्यापेक्षा हिरवा किती जास्त आहे, एवढेच यंत्र पाहते. हिरव्या कापडावरील ठिपक्याचे आकडे तांबडा ६०, हिरवा १८०, निळा ७० असे असतील, तर हिरव्याचे आधिक्य ११०. तो ठिपका पूर्णपणे पुसून टाकावयाचा. गव्हाळ गालावरील ठिपका २००, १५०, १२० असेल, तर हिरव्याचे आधिक्य मुळीच नाही. तो जसाच्या तसा ठेवावयाचा. केसांच्या कडेला जेथे अर्धा केस आणि अर्धे कापड एकाच ठिपक्यात मिसळले आहेत, तेथे आधिक्य ५५ च्या आसपास येईल. तो ठिपका अर्धा पारदर्शक करावयाचा. पांढऱ्या पातळावर कापडाचा हिरवा उजेड पडून तेथे २४०, २५०, २३५ असे आकडे आले, की यंत्राला तेथेही हिरव्याचे किंचित आधिक्य दिसते आणि पातळाला भोके पडू लागतात. यंत्राला मुलगी ठाऊक नसते, कापडही ठाऊक नसते. त्याला केवळ वजाबाकी ठाऊक असते.

हिरवाच रंग का, याचेही उत्तर सरळ आहे. माणसाच्या कातडीत हिरव्याचे प्राबल्य नसते, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकी निम्मे हिरव्यासाठी व पाव-पाव तांबड्या-निळ्यासाठी राखलेले असतात. त्यामुळे कमी उजेडातही हिरव्याची नोंद स्वच्छ उतरते. परंतु आपल्याकडे हा रंग गैरसोयीचाही ठरतो. हातात हिरवा चुडा असेल, तर मनगटाजवळ हात तुटल्यासारखा दिसेल. लुगडे हिरवे असेल, तर केवळ मुंडके आणि हात वारीला निघालेले दिसतील! डोक्यावर तुळशीवृंदावन हवे असेल, तर तुळशीचा प्रश्न उभा राहील. अशा वेळी पडदा निळा घ्यावा. निळ्याला उजेड अधिक लागतो, ही त्याची अडचण दिव्यांच्या खोलीत जाणवते. उघड्या आकाशाखाली जाणवत नाही.

उघड्या आकाशाचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. हिरवा पडदा म्हटला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे बंद खोली, भिंतीवर ताणलेले कापड आणि भाड्याने आणलेले दिवे येतात. बसलेल्या वक्त्यासाठी ती व्यवस्था उत्तम होय. चालणाऱ्यासाठी मात्र तिचा हिशेब जुळत नाही. प्रौढ मनुष्य सामान्य चालीने सेकंदाला सुमारे सव्वा ते दीड मीटर अंतर तोडतो. सहा सेकंदांचे आडवे चालणे दाखवावयाचे, तर आठ मीटर लांबीचे कापड हवे. तेही सुरकुतीवाचून ताणलेले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे उजळलेले. पावले दाखवावयाची तर जमिनीवरही कापड अंथरणे आले, आणि मग पायांवर, धोतरावर, लुगड्याच्या काठावर खालून हिरवा उजेड चढणार. चार विद्यार्थ्यांच्या खिशाला हे झेपणारे नव्हे.

म्हणून बहुतेक जण जागच्या जागी चालण्याचा मार्ग धरतात. मुलीला कापडापुढे उभे करावयाचे, चित्र कमरेपासून वर घ्यावयाचे आणि तिला म्हणावयाचे, ‘चालल्यासारखे कर.’ हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. खऱ्या चालण्यात शरीर पुढे पडत असते आणि पाऊल त्याला सावरीत असते. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात त्या क्षणी डोके सर्वांत खाली असते, आणि एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जाताना सर्वांत वर. हा चढउतार चार-पाच सेंटीमीटरांचा असतो. त्याबरोबर खांदे कमरेच्या उलट दिशेला किंचित वळतात. जागच्या जागी पाय उचलणाऱ्याचे खांदे वळत नाहीत. शरीर पुढे जात नसल्यामुळे सावरण्याचे कारणच उरत नाही, आणि कवायतीत ‘जागेवर चाल’ करणाऱ्या शिपायासारखे गुडघे तेवढे वर येतात. प्रेक्षकाला यांतले काहीही शब्दांत सांगता येणार नाही. त्याला फक्त वाटेल, की ही मुलगी कोठेच जात नाही.

त्याहून बरा मार्ग यांत्रिक चालत्या पट्ट्याचा, म्हणजे व्यायामशाळेतील ट्रेडमिलचा. पूर्वी हॉलीवूडच्या स्टुडिओंत मागील पडद्यावर रस्त्याचे चित्र फेकून नटांना त्यापुढे अशाच पट्ट्यावर चालवीत असत. त्यावरचे चालणे खऱ्याच्या पुष्कळ जवळ येते. पण पट्टा घरघरतो म्हणून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात, चालणाऱ्याची नजर पाय घसरण्याच्या भीतीने वारंवार खाली जाते, आणि डोक्यावर गाठोडे असताना तर ती जातेच. शिवाय खोली चांगली पंचवीस फूट लांब हवी. मुलीपासून कापड दोन-अडीच मीटर दूर ठेवले नाही, तर कापडावरून उसळलेला हिरवा उजेड तिच्या पाठीवर व केसांवर चढतो, आणि तेवढाच कॅमेराही तिच्यापासून दूर असावा लागतो.

या दोहोंपेक्षा स्वस्त व अधिक खरा असा तिसरा मार्ग आहे. चालणे कापडापाशी आणण्याऐवजी कापडच चालण्याच्या मागे न्यावे.

शाळेचे पटांगण किंवा महाविद्यालयाच्या आवारातील सरळ, सपाट रस्ता निवडावा. चार बांबूंची चौकट बांधून तीवर दोन मीटर रुंद व अडीच मीटर उंच हिरवे सुती कापड ताणून शिवावे. मांजरपाट रंगवून घेतला तरी चालतो, चकाकणारे साटीन मात्र घेऊ नये. दोघा विद्यार्थ्यांनी ही चौकट दोन्ही बाजूंनी धरून मुलीच्या मागे दोन मीटरांवरून तिच्या चालीने चालावे. तिच्या पुढे तीन मीटरांवर हातगाडीवर कॅमेरा, मुलीकडे तोंड करून. हातगाडी ओढणारा चौथा. मुलगी खरोखर चालते, तिचे वजन खरोखर पुढे पडते, आणि तरीही चित्रात तिच्यामागे सदैव हिरवे कापड राहते.

एवढेसे कापड पुरेल कसे, अशी शंका येणे साहजिक आहे. कापडाने संपूर्ण चित्र व्यापण्याची गरजच नसते. ते केवळ मुलीच्या आकृतीच्या कडांमागे असले म्हणजे झाले. उरलेल्या भागात झाडे दिसोत, इमारत दिसो किंवा चौकट धरणाऱ्याचा घामेजलेला चेहरा दिसो, संकलनाच्या वेळी आकृतीभोवती सैल रेघ ओढून बाहेरचे सारे टाकून देता येते. स्टुडिओत यास ‘गार्बेज मॅट’ म्हणतात, आणि गरीब निर्मात्याचा याहून मोठा मित्र नाही. हिशेब असा: कॅमेऱ्यापासून मुलगी तीन मीटर व कापड पाच मीटर. म्हणजे कोपरांसह नव्वद सेंटीमीटर रुंदीची आकृती कापडावर दीड मीटर जागा अडविते. कंबरेपासून गाठोड्याच्या माथ्यापर्यंतची एक मीटर तीस सेंटीमीटर उंची कापडावर सव्वादोन मीटरांच्या आत बसते. दोन बाय अडीचच्या चौकटीत थोडा वावही उरतो.

वारा हा या पद्धतीचा खरा शत्रू. चौकट शिडासारखी फुगते, कापडावर लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेबरोबर हिरव्याची छटा बदलते. म्हणून सकाळची वाऱ्यावाचूनची वेळ साधावी. उजेडाचाही विचार हवा. आषाढातील आकाश बहुधा ढगाळ असते. दिंडीच्या चित्रात सावल्या अंधुक, जवळजवळ नाहीशाच असतील. मुलीचे चित्रण मार्गशीर्षातल्या लख्ख उन्हात केले, तर नाकाची काळी सावली ओठांवर पडेल आणि दोन ऋतू एकाच चित्रात भांडू लागतील. त्यासाठी एखाद्या लांब इमारतीच्या सावलीतला रस्ता घ्यावा. तेथे वरून केवळ आकाशाचा मऊ उजेड येतो. त्यात थोडी निळसर झाक असते, ती कॅमेऱ्याचा श्वेत-समतोल तेथेच पांढऱ्या कागदावर जुळवून घेतल्याने निघून जाते. दिंडीच्या दिवशी ऊन पडले असेल तर गोष्ट उलट. मग सूर्य चित्राच्या कोणत्या बाजूला व किती वर होता, याची नोंद त्याच दिवशी करून ठेवली पाहिजे. यासाठीच क्रम असा असावा, की दिंडी आधी आणि मुलगी नंतर. मुलीचा उजेड बदलता येतो, दिंडीचा बदलता येत नाही.

दिंडीचे चित्रण, ज्याला या धंद्यात ‘प्लेट’ म्हणतात, ते घेताना सर्वांत आधी कॅमेऱ्याची उंची मोजून वहीत लिहावी. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा कॅमेऱ्याच्याच उंचीवर सर्व माणसांना छेदते, मग माणूस दहा पावलांवर असो की शंभर. कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर जवळच्या व दूरच्या वारकऱ्यांचे चेहरे साधारण एकाच रेषेत येतील. मुलीचे चित्रण मात्र एक मीटर वीसवरून केले, तर तिच्या छातीवरून जाणारी रेषा इतरांच्या हनुवटीवरून जाणाऱ्या रेषेशी जुळवावी लागेल, आणि ती बिचारी चौरंगावर चढून वारी करीत असल्यासारखी दिसेल. उंची आणि कॅमेऱ्याचा कल दोन्ही वेळी तोच हवा, आणि लेन्सही तीच हवी. येथे मोबाईल फोनची गरिबी उपयोगी पडते: त्याच्या मुख्य लेन्सला झूमचा मोह नसतो, तेव्हा दोन्ही ठिकाणी दृष्टिकोन आपोआप सारखा राहतो. फोनमधील स्थिरीकरण तेवढे बंद करावे, कारण ते चित्राच्या कडा मनास येईल तशा सरकविते.

मुलगी कॅमेऱ्याकडे येत असेल आणि कॅमेरा तिच्यापुढे मागे हटत असेल, तर दिंडीचे चित्रही मागे हटतच घेतले पाहिजे. गर्दीत उलट्या पावलांनी चालणे धोक्याचे. त्यापेक्षा विद्यार्थ्याने दिंडीबरोबर सरळ पुढे चालावे व छोट्या गिंबलवर बसविलेला फोन मागे तोंड करून धरावा. कोणाच्याही वाटेत न येता हवे ते चित्र मिळते. काही जण पुढे तोंड करून घेतलेले चित्र संगणकावर उलटे फिरवितात. रिकाम्या रस्त्याला ही युक्ती चालेल; वारीत लावली तर अवघी दिंडी पाठमोरी, मागे मागे चालत घरी परतू लागेल. चेहऱ्यांचाही प्रश्न आहे. पायी चाललेला भाविक आपल्या चित्राला संमती देऊन चाललेला नसतो. जोडणीच्या वेळी मागची दिंडी थोडी अंधुक करावी. त्यामुळे चेहरे ओळखू येत नाहीत, फोनकडे रोखलेल्या नजरा बोचत नाहीत, आणि नजर मुलीवर ठरते.

आता चाल. प्लेटमधील एखाद्या वारकऱ्याची पावले मिनिटभर मोजावी. मोकळ्या रस्त्यावर माणूस मिनिटाला शंभर-एकशेदहा पावले टाकतो. दिंडीत ती कमी भरतील. मुलीची पावले त्याच संख्येची हवीत. पण तिला आकडा सांगून उपयोग नाही. प्लेटबरोबर जो टाळ-मृदंगाचा आवाज आला असेल, तोच पटांगणात लावावा. पाय आपोआप त्या लयीत पडतील. आणि गाठोड्यात खरे ओझे घालावे, चार-पाच किलोंचे. थर्मोकोल भरलेले गाठोडे वाहणारी मान मोकळी हलते, आणि ते मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसते.

झुलणाऱ्या हातांची एक वेगळी अडचण आहे. सेकंदाला पंचवीस चित्रे घेताना शटर बहुधा १/५० सेकंदाचे ठेवतात. हात सेकंदाला दीड मीटर वेगाने हलला, तर तेवढ्या अवधीत तो तीन सेंटीमीटर सरकतो आणि तीन सेंटीमीटरांचा धूसर पट्टा कापडाच्या हिरव्यात मिसळतो. शटर १/१०० केल्यास हा पट्टा निम्मा होतो. हरवलेली धूसरता नंतर संगणकावर थोडी परत घालता येते. दुसरे, साधे कॅमेरे व फोन रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकदाच करतात, म्हणून आकृतीच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. चित्रण फोर-केमध्ये करून चित्रपट त्याच्या निम्म्या मापात, म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये पुरा केला, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला स्वतःचा रंग येतो. यासाठी पैसा लागत नाही, साठवणुकीची जागा तेवढी जास्त लागते.

पावलांचे काय? ती या चित्रांत दाखवूच नयेत. पाय आणि जमीन यांचा स्पर्श, त्याखालची सावली, उडणारी धूळ हे सारे खोटे बनविणे मोठ्या स्टुडिओंनाही कष्टाचे जाते. त्याच वहाणा घालून कोणत्याही मातीच्या रस्त्यावर केवळ पावलांचे जवळून चित्रण करावे आणि ते मधे जोडावे. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत चालणारी माणसे आणि वॉशिंग्टनचे व्हाइट हाऊस एकापुढे एक जोडून दाखविले, तेव्हा प्रेक्षकांना ते सारे एकाच परिसरात घडत असल्याचे वाटले. बेळगावची माती सासवडच्या रस्त्याला जोडणे त्या मानाने सोपेच.

जोडणी करताना एक चूक हटकून होते. प्लेट हलते पण मुलगी स्थिर, किंवा उलट. आणि चिकटविलेल्या चित्राचे बिंग तेथेच फुटते. दोन्ही चित्रांतील हादरे आधी काढून टाकावे, मग ती एकमेकांवर बसवावी आणि त्यानंतर जोडलेल्या संपूर्ण चित्राला मिळून हातातल्या कॅमेऱ्याचा हलका डोल द्यावा. आणखी एक गोष्ट पटांगणातच साधून घेता येते. चित्रण चालू असताना पाचव्या एखाद्या मित्राने पताका खांद्यावर घेऊन मुली व कॅमेरा यांच्या मधून तिरके निघून जावे. पताकेचा भगवा रंग हिरव्यापासून दूर असल्यामुळे ती स्वच्छ सुटून येते. मात्र ती कापडाच्या कडेबाहेर जाईपर्यंत आकृतीभोवतीची सैल रेघ प्रत्येक चित्रात हाताने सरकवावी लागते, आणि त्या दोन सेकंदांच्या पन्नास चित्रांना एक संध्याकाळ द्यावी लागते.